रुंद चाकं

फाट्याजवळ मागचा टायर पुन्हा खर्रकन घासला आणि केतकीच्या नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली.

नवी रुंद चाकं लावून चारच दिवस झाले होते. "मूळ मापाचीच घ्या, मागं माणसं बसली की ही घासतील," असं दुकानदारानं बजावलं होतं. "मागं बसतंय कोण?" म्हणत नवरा हसला होता.

आज पुढं सासूबाई होत्या. मागं केतकी, मांडीवर बाळ, आणि बाळाच्या जावळासाठी आलेले तिचे बाबा. गाडी त्यांनीच लग्नात दिलेली.

"बाबा, इथनं एसटी धरा ना. नवे टायर आहेत हो, फाटतील," नवरा मागं वळून म्हणाला.

"अहो, बाळाला मामा नाही. जावळाला मांडीवर माझे बाबाच घेणार आहेत," केतकी म्हणाली.

"मग माझा भाऊ घेईल. मुहूर्त काय एसटीसाठी थांबतोय?"

बाबा तोवर उतरलेही होते. "असू दे गं. गाडीला त्रास नको," म्हणत त्यांनी दार हलकेच लावून घेतलं.

गाडी सुटली. "बघ, आता येतोय का आवाज?" नवरा खुशीत म्हणाला.

बाळाच्या मऊ केसांतून बोटं फिरवत केतकी म्हणाली, "नाही."