धाकटीचं हसू

धाकटी हसली की सगळे तिच्याकडेच बघत आणि थोरलीच्या पोटात दुखे. पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नात फोटोला धाकटीच्याच शेजारी उभं राहायचं होतं, म्हणून थोरली दात पांढरे करून घ्यायला निघाली. धाकटीही सोबत आली.

"एखादा दात बसवलेला आहे का? औषधाने त्याचा रंग बदलत नाही," डॉक्टरांनी विचारलं.

धाकटीसमोर कबूल कसं करायचं? "छे, सगळे माझेच!"

तासाभराने थोरलीने आरसा हातात घेतला. सगळे दात लख्ख, आणि समोरचा एक तेवढा पिवळा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं ताई, रडतेस काय? नवा बसवून घे," धाकटी तिच्या कानाशी म्हणाली. "माझे तर समोरचे सहाही बसवलेलेच आहेत."