शिक्षण: बारावी

आमच्या गावाजवळच्या गोरेगावात समाजाचा परिचय मेळावा होता. लग्नाच्या मुलामुलींनी स्टेजवर जाऊन आपापली माहिती सांगायची. जाताना बाबांनी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला थांबवली.

"ओमेश्वरी, माईकवर एमएस्सी सांगू नोको. पाच वर्षं तुह्या शिक्षणात पैसा गेला तो गेलाच, आता पोरंही भेटून नाई राहिले. पोरगी जास्त शिकली म्हणून सारे माघार घेऊन राहिले. शिक्षण बारावीच सांगजो."

"अन् बाकीचं?"

"बाकी सारं खरं सांगजो. समाजासमोर खोटं बोलू नाई."

मी मान हलवली. पाच वर्षं एसटीत उभी राहून धक्के सोसत शिकले होते, अजून एक धक्का सोसला.

माझा नंबर आला. माईक हातात घेतला.

"मी ओमेश्वरी चुन्नीलाल पटले, राहणार कुडवा. शिक्षण बारावी."

समोर बाबांचा जीव भांड्यात पडला.

"नोकरी, कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. बारावीवर ही नोकरी कशी लागली, ते माझ्या बाबांना विचारा. पहिल्याच रांगेत बसले आहेत."