दंडावरचं नाणं

तासगावाहून विमानतळाला निघताना सुगराबीनं लेकाच्या दंडाला हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं बांधलं. "सुखरूप पोचलास की सोड, आन् तिथल्या एकाद्या गरजूला दे," ती म्हणाली.

वाटेतल्या प्रत्येक तपासणीत त्या नाण्यानं यंत्र वाजलं. प्रत्येक वेळी अजहरनं ते सोडून दाखवलं आणि कापडाचं एक टोक दातात धरून पुन्हा बांधलं. त्या भानगडीत मधल्या देशात पुढचं विमान चुकलं. शेवटी कॅनडात तो उतरला, पण बॅग उतरलीच नाही. स्वेटर, जाकीट, अम्मीनं दिलेले बेदाणे, सगळं तिच्यातच होतं. भाड्यानं ठरवलेल्या खोलीला कुलूप होतं आणि घरमालक फोन उचलत नव्हता.

दारातल्या पायरीवर बसून त्यानं घरी फोन लावला.

"पोचलो अम्मी. सगळं झ्याक हाय."

"सामान?"

"आलं की."

"नाणं दिलंस?"

अजहरनं रस्त्याकडं पाहिलं. बर्फात चिटपाखरूही नव्हतं. त्यानं दंडावरची गाठ चाचपली.

"दिलं. आपल्याकडचाच एक पोरगा भेटला. बॅग हरवलीया त्याची. बर्फात नुसत्या शर्टावर बसलाय."

पलीकडं सुगराबीनं दारातला ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.

"बरं केलंस," सुगराबी म्हणाली. "आता त्याला म्हणावं, आदी कायतरी गरम खा. आन् पुन्यांदा आईपासनं काय लपवू नगंस."