काटकोनाचं उदाहरण

साहेबाच्या घाईपायी दोन दिवसांत उठवलेली शाळेची भिंत ओळंबा सोडल्यावर चार बोटं आत झुकलेली निघाली.

"साहेब, ही पाडायलाच हवी. उद्या पोरांच्या अंगावर येईल," गवंडी म्हणाला.

"परवा उद्घाटन आहे आणि तुला पाडायचे डोहाळे लागलेत! जाड गिलावा मार. आतलं कुणाच्या बापाला दिसतंय?"

गवंड्याने जाड गिलावा मारला.

महिन्याभराने त्याच्या पोरीने गृहपाठाची वही पुढे केली. 'काटकोनाचे उदाहरण : आमच्या वर्गाची भिंत आणि जमीन.'

"बाबा, तूच बांधलीस ना ती? माझा बाक तिलाच टेकून आहे. उत्तर बरोबर आहे ना? मग इथे पालकांची सही कर."

गवंड्याने हात पुसले आणि सही केली.