खुर्चीवरच्या खुणा

अण्णांनी आरामखुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं आणि ते थबकले.

त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली ही सागवानी खुर्ची सुनेने, वृषालीने, त्यांच्या पंचाहत्तरीसाठी गुपचूप पॉलिशला काढली होती. आज लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. पॉलिश उद्या व्हायचं होतं.

"इथल्या दातांच्या खुणा कुठे गेल्या गं? दात येताना आमच्या घरातलं प्रत्येक पोर ही खुर्ची चावत आलंय. इथे माझी खूण होती, शेजारी तुझ्या नवऱ्याची."

वृषालीचा चेहरा खर्रकन उतरला. "अण्णा, मला वाटलं उंदरांनी कुरतडलंय. मीच घासून काढायला लावलं."

अण्णा पोट धरून हसले. त्यांनी तोंडातली कवळी काढली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि सगळा जोर लावून दाबली.

"ही माझी झाली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "आता बोलाव नवऱ्याला."

हाक मारायला वृषाली वळली, तर खुर्चीच्या दुसऱ्या हाताला धरून उभ्या राहिलेल्या लेकीने, नुकत्याच आलेल्या दोन दातांनी चावा घेऊन, बापाआधीच नंबर लावला होता.