खताची शेवटची मात्रा

गिरणीच्या तपासनिसाने तिच्या गव्हाची कणीक मळली, गोळा नळाखाली धरला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. धुता धुता पांढरं पाणी वाहून जातं. कसदार गव्हाचा चिवट गोळा हातात उरतो, निकस गव्हाचं काहीच उरत नाही. मग तो गहू गुरांच्या खाद्यात जाणार आणि पुढच्या पेरणीला शेत दुसऱ्याच्या हाती. जमीन गिरणीची, नियमही गिरणीचाच.

शेत दिसायला तसं राजबिंडं होतं. थंडीआधी पेरलेला गहू दाट फुटला, उतारा गेल्या सालापेक्षा चांगला पडला. बघणारे वाहवा करत होते. आतली गोष्ट तिलाच ठाऊक होती. ओंब्या बाहेर पडताना खताची शेवटची मात्रा द्यावी लागते; तिच्यामुळे पोती वाढत नाहीत, दाण्यात कस येतो. नेमका त्याच दिवसांत नवरा गेला. तिने हातपाय गाळले, खत आणायचं राहिलं. उशिरा गेली तेव्हा दुकानात चिमूटभरही शिल्लक नव्हतं.

त्याच सुमारास तिला गव्हाच्या ओळींमधून मोठ्या बुटांचे ठसे दिसले. पलीकडचं शेत दिराचं. घर वेगळं झाल्यापासून बोलणं बंद. तिचं डोकंच फिरलं. बांधावर गाठून तिने त्याला सुनावलं, "भाऊ जाऊन चार दिवस झाले नाहीत, आणि शेत घशात घालायला निघालात?" दीर मान खाली घालून निघून गेला. तिने तीच कबुली समजली.

नळ बंद झाला. तिने डोळे घट्ट मिटले होते.

"डोळे उघडा, ताई. पास झालात."

तपासनिसाच्या तळहातावर पिवळसर गोळा होता, रबरासारखा ताणला जाणारा. तिला आनंद झालाच नाही, भीती वाटली. नमुना बदलला तर नाही? पण पिशवी तिचीच होती, तोंडाला मारलेली गाठही तिचीच. मात्रा दिल्याशिवाय हे होत नाही, आणि तिने तर दिली नव्हती.

रांगेत तिच्या मागे दीरच होता. त्याची कणीक नळाखाली गेली. पाणी पांढरं झालं, मग नितळ झालं. तपासनिसाने रिकामे हात झटकले.

"काका, शेवटची मात्रा दिली नव्हती का?"

"दिली होती," तिच्याकडे न बघता दीर म्हणाला. "खत एकाच शेतापुरतं होतं."