फुगेनात ती फुप्फुसं

टेबलावरच्या परातीत बकऱ्याची फुप्फुसं होती. लिमकरबाईंनी श्वासनलिकेत रबरी नळी घातली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. पण ती काही फुगेनात. नववीचा वर्ग नाक दाबून हसू लागला.

पहिल्या बाकावरच्या कल्याणीला चूक दिसत होती. पण बोललं तर वडिलांचा धंदा सगळ्यांना कळणार आणि मग आपल्या डब्याला कुणी हात लावणार नाही, अशी तिला भीती होती.

तरी ती उठली. "बाई, इथे सुरी लागलीय. हवा तिथून निसटतेय." तिने चीर चिमटीत घट्ट धरली. "आता हळूहळू मारा पंप."

काळपट फुप्फुसं गुलाबी होत टम्म फुगली. मागची मुलं बाकांवर चढून पाहू लागली.

"तुला कसं गं माहीत?" बाईंनी विचारलं.

कल्याणीने मान वर केली. "आमचं मटणाचं दुकान आहे. रविवारी बाबांच्या हाताखाली मीच असते."

बाईंनी तिच्या हातात खडू दिला. "मग वायुकोशांचं चित्र तूच काढ."

कल्याणीने खडू ठेवून दिला. "चित्र कशाला, बाई? या रे सगळे जवळ. हात लावून बघा!"